चष्मा घरी राहिला

आमच्या पेडणे तालुक्यातल्या चाळीस गुरुजी-बाईंना ज्या माणसाने इंग्रजी बोलायला लावलं, त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. हे आता उघड सांगायला हरकत नाही. सर निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, ज्यांनी चौकशी लावली असती ते साहेबही पेन्शनीत गेले, आणि मी स्वतः आता कुणाची नोकर नाही. तेव्हा मात्र ही गोष्ट मी आईलासुद्धा सांगितली नव्हती. आईच्या कानावर गेलेली गोष्ट पुढच्या बाजाराच्या दिवशी सगळ्या पेडण्याला ठाऊक व्हायची.

सर डिचोलीकडचे, आमोण्याचे. उंचीने बेताचे, रंगाने सावळे, पांढरा शर्ट बाहेर सोडलेला आणि खांद्याला खाकी पिशवी. शर्टाच्या खिशात चष्म्याचं घर कायम असायचं. त्यात चष्मा मी कधी पाहिला नाही. पिशवीत मात्र काय नसायचं! एक दवलो म्हणजे नारळाच्या करवंटीचा डाव, एक चप्पल (दुसरी कुठे होती देव जाणे), शिट्टी, घंटा, सुईदोरा, आणि सकाळी पोदेराकडून म्हणजे पाववाल्याकडून घेतलेला ताजा उंडो, गोल कडक पाव. ही सरांची शैक्षणिक साधनं. 'जी वस्तू हातात नाही, तिचा शब्द तोंडात नाही' हा त्यांचा पहिला नियम होता. त्यामुळे आमच्या शिबिरात सफरचंद, जहाज आणि सिंह या तिघांना प्रवेश नव्हता. पुस्तकातला पहिलाच धडा सफरचंदाचा होता, म्हणून पुस्तकालाही नव्हता.

लोक त्यांना 'कमकम सर' म्हणायचे. तरुणपणी ते खाणीवर होते. आमोण्याला मांडवीच्या काठी बार्जीत, म्हणजे सपाट बुडाच्या बोटीत, माल भरायचा धक्का होता. खनिजाचे ट्रक तिथे पाठीमागून लावायचे असत आणि त्यांना हात दाखवायचं काम सरांचं. यंत्रं बसवायला म्हणून तिथे एक जपानी इंजिनियर आला. त्याला मराठी येत नव्हतं, सरांना जपानी येत नव्हतं आणि इंग्रजी दोघांनाही येत नव्हतं. मग दोघांनी मिळून इंग्रजीच बोलायचं ठरवलं. सात-आठ महिने दिवसभर 'कम, कम, स्लोली, स्लोली, स्टॉप!' करत करत सर इंग्रजी बोलायला लागले, आणि जपानीसुद्धा. म्हणजे जपानीसुद्धा इंग्रजी बोलायला लागला.

"इंग्लिश शिकची जाल्यार इंग्रजाकडल्यान शिकूं नये," सर म्हणायचे. "तो चुको काडटा. जपानी चुको काडिनासलो. ताकाच ठावक नासलें!"

पुढे गोवा मुक्त झाल्यावर गावोगाव मराठी शाळा निघाल्या. शिक्षकांचा तुटवडा होता. सरांचं मराठी शिक्षण आणि हस्ताक्षर दोन्ही चांगलं, त्यांना मास्तरकी मिळाली. त्यांच्या शाळेत ते स्वतःच्या हौसेने मुलांना तोंडी इंग्रजी शिकवत. एकदा पणजीहून मोठे साहेब काही कामाने आमोण्यात गेले. निघताना त्यांची जीप शाळेच्या फाटकातून मागे घ्यायची होती. तिसरीतली चार पोरं धावत आली आणि 'कम, कम, लेफ्ट, स्लोली, स्टॉप, थँक यू सर' म्हणत त्यांनी जीप अलगद रस्त्यावर लावून दिली. साहेब जीपमध्ये बसल्या बसल्या थक्क झाले. सरांना इंग्रजी लिहिता-वाचता येतं का, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. जो माणूस बोलतो त्याला वाचता येणारच, हा आपल्याकडचा समज. उलटं मात्र आपण मानत नाही. मला इंग्रजी वाचता येत होतं, लिहिता येत होतं, डी.एड.ला चांगले मार्क होते, पण 'व्हॉट इज युवर नेम' असं कुणी विचारलं की माझा घसा कोरडा पडायचा आणि मी नाव विसरायची.

गोव्याला नुकतंच राज्य मिळालं होतं. खाजगी इंग्रजी शाळा जागोजाग निघत होत्या आणि आमच्या मराठी शाळांतली मुलं त्यांच्याकडे गळत होती. म्हणून प्रयोगादाखल आमच्या तालुक्यात तिसरीपासून तोंडी इंग्रजी शिकवायचं ठरलं. त्यासाठी दिवाळीच्या सुट्टीत तुयेजवळच्या एका शाळेत बारा दिवसांचं शिबिर लागलं. शिबिर घ्यायला खात्याने आमोण्याचे सर पाठवले; ते तेव्हा तिथल्या शाळेचे मुख्याध्यापक होते. मी तेव्हा नवीन, कच्च्या नोकरीवर होते. पक्की ऑर्डर कधी येईल याची वाट बघण्यात माझं अर्धं लक्ष आणि उरलेलं अर्धं इंग्रजीच्या भीतीत.

पहिल्या दिवशी सरांनी फळ्याकडे पाठ करून आम्हाला जमिनीवर बसवलं. खडूची पेटी उचलून कपाटात टाकली, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात ठेवली.

"बारा दीस खडू ना," ते म्हणाले. "बाळ पयलीं उलयता, मागीर बरयता. तुमी खंयच्या बाळान जल्मल्या जल्मल्या पाटी मागिल्ली पळयल्या?"

मग दुसरा नियम. दुसऱ्याच्या चुकीला जो हसेल त्याने शाळेच्या विहिरीचं दहा कळशा पाणी काढून मागच्या तांबड्या भाजीला घालायचं. वय, हुद्दा, पोट सुटलेलं असणं, कशाचीही सूट नाही. पहिल्या तीन दिवसांत त्या भाजीला इतकं पाणी मिळालं की शाळेची शिपाईण हात जोडून सांगायला आली, "सरांनू, आता कोणी हसू नकात हो, भाजी कुसतली!"

तिसरा नियम, खोटं वाक्य बोलायचं नाही. उंडो हातात घेऊन 'आय ईट ब्रेड' म्हटलं की तो खायचाच. आमच्यात एक आबा गुरुजी होते. पन्नाशीचे, कडक, कपाळाला गंध, आवाज असा की वर्ग दोन शाळा पलीकडून ओळखावा. नेमक्या एकादशीला त्यांची पाळी आली. सरांनी उंडो पुढे केला. आबा गुरुजींनी उंड्याकडे बघितलं, सरांकडे बघितलं, मान दोन्ही बाजूंना हलवली आणि घाम पुसत म्हणाले, "आय... नॉट... ईट. टुडे... एकादशी."

सरांनी उंडो खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. "वाक्य मोडलां, पूण मनीस खरें उलयला! हें इंग्लिश!" आणि बाजूला बसलेली एक बाई फिस्सकन हसली होती, तिच्याकडे न बघता विहिरीकडे बोट केलं.

आबा गुरुजींच्या मागे, मुद्दाम चार हात सोडून, बाबल गुरुजी बसायचे. दोघे सख्खे चुलत भाऊ. घरं एकाच आवारात, विहीर एक, तुळस एक. गोव्याची राजभाषा कुठली, या चळवळीत आबा मराठीच्या बाजूने आणि बाबल कोंकणीच्या. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. आबांच्या घरची म्हैस बाबलच्या परसात शिरली तरी ते शेजाऱ्याला सांगत, शेजारी बाबलना सांगे, तोवर म्हैस वाल खाऊन परत आलेली असे. गंमत म्हणजे दोघेही घरात बोलायचे ते एकच. ती भाषा कुठली, यावरूनच तर भांडण होतं.

सरांना हे कुणी सांगितलं नव्हतं. कदाचित सांगितलंही असेल. चौथ्या दिवशी ट्रकाचा खेळ होता. एकाने ट्रक व्हायचं आणि मागे न बघता उलटं चालायचं, दुसऱ्याने क्लीनर होऊन त्याला इंग्रजीत वाट दाखवायची. सरांनी बाबलना ट्रक केलं आणि आबांना क्लीनर.

"सर, आम्ही बोलणव नाय एकमेकांवांगडा," आबा गुरुजी म्हणाले.

"मराठीत बोलू नका. कोंकणीत बोलू नका," सर शांतपणे म्हणाले. "इंग्लिशीचेर तुमचें कितें झगडें ना मूं?"

इंग्रजीवरून दोघांचं काहीच भांडण नव्हतं. बाबल गुरुजी पाठ करून उभे राहिले. आबांनी घसा साफ केला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा भावाला उद्देशून तोंड उघडलं, "कम." बाबल एक पाऊल मागे आले. "कम. कम." ते आले. "लेफ्ट... स्लोली... कम, कम, कम..." आणि आबा गुरुजींनी अत्यंत काळजीपूर्वक भावाला भाजीच्या वाफ्यात, गुडघाभर चिखलात नेऊन उभं केलं आणि मग म्हणाले, "स्टॉप."

आम्ही अडतीसच्या अडतीस हसलो. पाण्याला रांग लागली. चिखलातून बाबल गुरुजी कळवळून ओरडले, "यू बॅड क्लीनर!" आणि आबांनी तितक्याच जोरात उत्तर दिलं, "यू गुड ट्रक!" सरांनी दोघांनाही शाबासकी दिली. दुपारी मी पाहिलं, दोघे भाऊ एकाच नळावर पाय धूत होते. बोलत नव्हते, पण नळ एकमेकांसाठी सोडत होते.

दुपारचा वेळ प्रत्यक्ष पाठांचा. सुट्टीत गावातली मुलं मामाकडे गेलेली. पण तुयेच्या कारखान्यांत कामाला आलेल्या कोल्हापूर-बेळगावकडच्या लोकांची मुलं कुठे जाणार? ती यायची. त्यांना आमचं बोलणं निम्मं कळायचं आणि आम्हाला त्यांचं. इंग्रजी मात्र सगळ्यांनाच सारखं परकं, त्यामुळे कुणी मागे नव्हतं. सर मला सांगायचे, "तुज्या वर्गातल्या भुरग्याक मेज, जनेल, बालदी येता मूं? ते शब्द कितें तुज्या आज्यान केल्ले? पोर्तुगालसून आयले. आयले, रावले, घरचे जाले. विंडोय येतली, रावतली." मी मान हलवायची, आणि वर्गासमोर उभी राहिले की विंडो काही घशातून बाहेर यायची नाही. सर रागावले नाहीत कधी. मुलांना म्हणायचे, 'टीचर इज ट्रक. यू क्लीनर.' मग ती पोरंच मला 'कम, टीचर, कम' म्हणत खिडकीशी न्यायची आणि मला बोलतं करायची. त्या पोरांचे उपकार मी अजून विसरलेली नाही.

पाचव्या दिवशी खात्याकडून पाकीट आलं. सरांनी ते उघडलं, कागद जरा लांब धरला, खिशातलं चष्म्याचं घर चाचपलं आणि म्हणाले, "बाय, वाच गो जरा. चष्मो घरा उरलो." मी वाचलं. शेवटच्या दिवशी साहेब येणार, प्रमाणपत्रं वाटायची, सगळं इंग्रजीत झालं पाहिजे. तालुक्यात हा प्रयोग पुढे चालू ठेवायचा की नाही, ते साहेब त्या दिवशी ठरवणार. सर "वेरी गुड" म्हणाले.

त्याच दिवशी दुपारी बेळगावच्या एका मुलीचा फ्रॉक खिळ्याला लागून फाटला. सरांनी पिशवीतून सुईदोरा काढला. सुईचं भोक मला दिसेना, माझ्या वयाला! सरांनी ती उजेडाकडे धरली आणि एका झटक्यात दोरा ओवला. मी अगोचरपणा केला. विचारलं, "सर, चष्म्याशिवाय कशी ओवली?"

त्यांनी फ्रॉक शिवला, गाठ मारली, दोरा दाताने तोडला. मग मला म्हणाले, "चल, भाजयेक पाणी घालया." आणि विहिरीवर गेल्यावर त्यांनी कळशी खाली ठेवून सरळ सांगितलं.

"म्हाका इंग्लिश वाचूंक येना, बाय. जी, डी आनी ए, इतलींच अक्षरां. गाड्यांचेर आसतात तीं. पयलीं जी-डी-डी, म्हणजे दोनच आशिल्लीं. राज्य जालें, गाड्यांचेर जी-ए आयलें, तेन्ना एक वाडलें."

मला हसू आलं आणि मी कळशीकडे बघितलं. सर सांगत होते. जपान्याने बोलायला शिकवलं. वाचायला तो कसा शिकवणार? नंतर मास्तर झाल्यावर विचारायची लाज वाटली. खात्याचे कागद घरी मुलगी वाचून दाखवायची. ती लग्न होऊन गेली, तेव्हापासून चष्मा विसरायला सुरुवात झाली.

"साहेबाक कळ्ळें जाल्यार म्हाका घरा धाडटलो. धाडूं," ते म्हणाले. "पूण हे चाळीस जाण म्हणटले, आमकां फसयले. आनी आतां कुठे तोंड उगडलां, तें परत धांपतले. ताचें म्हाका भंय दिसता."

मला राग आला, हे खरं. आम्हाला खडू बंद, पुस्तक बंद, आणि कारण हे! पण मग आठवलं, आदल्याच दुपारी मी चौदा मुलांसमोर पाच वाक्यं सलग बोलले होते. ती काही मला पुस्तकाने बोलायला लावली नव्हती.

"तुका उलोवंक येना, म्हाका वाचूंक येना," सर म्हणाले. "दोगांचो मेळून एक मास्तर जाता. बारा दीस तितलें पुरो."

अशी मी त्यांचा चष्मा झाले.

शेवटच्या दिवसाची तयारी मी जिवावर उदार होऊन केली. प्रमाणपत्रं आदल्या दिवशीच आली होती. आमची चाळीस आणि सरांचं स्वतःचं एक, सगळी इंग्रजीत छापलेली. मी ती ओळीने लावली, त्याच क्रमाने चाळीस नावं देवनागरीत एका चिठ्ठीवर लिहिली आणि चिठ्ठी घडी करून चष्म्याच्या घरात ठेवली. सरांनी चिठ्ठीवरचं नाव पुकारायचं, वरचा कागद उचलून द्यायचा, घेणाऱ्याने पुढे साहेबांकडे जाऊन हस्तांदोलन करायचं. साहेब प्रत्येकाला भेट म्हणून रंगीत खडूंची पेटी देणार होते. ते बघून सरांचा चेहरा जरा पडला. त्यांचं प्रमाणपत्र मी सगळ्यात खाली ठेवलं.

सकाळपासून वीज नव्हती. साहेब आले, घाम पुसत त्यांनी भाषण केलं. सरांनी चष्म्याचं घर उघडलं, चिठ्ठी तळहातात घेतली. आणि त्याच क्षणी वीज आली. सर्वांच्या डोक्यावरचा पंखा, जो सकाळी कुणीतरी पाचावर ठेवून दिला होता, एकदम घरघरला. मेजावरचे एक्केचाळीसच्या एक्केचाळीस कागद उडाले आणि सभागृहभर पसरले.

सगळे धावले. साहेब स्वतः वाकून कागद गोळा करायला लागले. मी सरांकडे धावणार तेवढ्यात साहेबांनी मला अडवलं, "बाई, तुम्ही बसा, बसा," आणि सगळा गठ्ठा ठोकून सारखा करून सरांच्या हातात दिला. साहेब आपल्या खडूंच्या पेट्यांपाशी जाऊन उभे राहिले. आता सरांच्या हातात चिठ्ठी एका क्रमाची होती आणि गठ्ठा भलत्याच.

सरांनी वरच्या कागदाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी उठून 'सर, मी वाचते' म्हणावं असं मनात आलं, आणि माझा घसा, तोच तो जुना, साफ कोरडा पडला. बारा दिवसांचं इंग्रजी तर गेलंच, मराठीही गेलं. त्या क्षणाची लाज मला अजून वाटते.

सरांनी चिठ्ठीवरचं पहिलं नाव पुकारलं. आबा गुरुजींचं. "कम," ते म्हणाले.

आबा गुरुजी गेले. सरांनी कागद दिला. आबांनी तो बघितला. त्यावर बाबलचं नाव होतं, हे मला पहिल्या रांगेतून दिसत होतं. आबा गुरुजी म्हणजे पगारपत्रकात आडनावाची वेलांटी चुकली तरी पणजीपर्यंत जाणारा माणूस. आबांनी कागदावरून नजर उचलून सरांकडे पाहिलं. मग आबांनी कागद छातीशी उलटा धरला आणि अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "थँक यू, सर. वेरी गुड टीचर, सर."

ते पुढे गेले, साहेबांशी हात मिळवला, खडू घेतले आणि जागेवर येऊन बसले. शेजारच्याला कागद दाखवला नाही.

मग बाबल. मग बाकीचे. एकामागून एक प्रत्येक जण पुढे गेला, दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाचा कागद घेतला, 'थँक यू सर' म्हणाला, आणि कागद उलटा धरून परत आला. मोप्याच्या बाईंना एका गुरुजींचं मिळालं, मिशीवाल्या गुरुजींना एका बाईंचं. कुणी भुवई उडवली नाही. तेव्हा मला कळलं की चाळीसच्या चाळीस जणांना माहीत होतं. कधीपासून, कसं, मी आजवर विचारलेलं नाही. मी उगीच समजत होते की सरांचा चष्मा मी एकटीच आहे. भाजीला त्या दिवशी थेंबभर पाणी मिळालं नाही.

चिठ्ठीत माझं नाव शेवटचं होतं. कच्च्या नोकरीची माणसं नेहमी शेवटी. सरांच्या हातात दोनच कागद उरले होते. त्यांनी त्यातला एक मला दिला आणि दुसरा, आपला म्हणून, जपून पिशवीत ठेवला. मी कागद बघितला. त्यावर सरांचं नाव होतं.

त्यांच्या पिशवीत माझं होतं; ठेवताना मला नाव दिसलं. म्हटलं, कार्यक्रम संपला की बदलू. पण साहेब खूश झाले होते. प्रयोग चालू राहील असं त्यांनी तिथेच जाहीर केलं आणि "तुम्हाला म्हापशापर्यंत सोडतो" म्हणत सरांना जीपमध्येच बसवलं. जीप फाटकातून मागे घेताना आम्ही चाळीस जण 'कम, कम, स्लोली' ओरडत होतो. सरांनी खिडकीतून डोकं काढून सांगितलं, "इंग्लिश! इंग्लिश!"

जीप गेल्यावर आवारात फणसाखाली जो बाजार भरला, तो बघण्यासारखा होता. "हू इज मी? हू इज मी?" करत एकोणचाळीस शिक्षक आपापला कागद शोधत होते. आबा गुरुजी बाबलपुढे जाऊन उभे राहिले. कागद पुढे केला. "धिस इज यू," म्हणाले. बाबलनी तो घेतला आणि म्हणाले, "कम. होम. टी." दोघे एकाच सायकलवर गेले. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

फाल्गुनात माझी पक्की ऑर्डर आली. मी पेढे घेतले, सरांचं प्रमाणपत्र पिशवीत घातलं आणि दोन बसगाड्या बदलून आमोण्याला गेले. सर नदीच्या अंगाला परसात तांबड्या भाजीच्या वाफ्यात बसले होते. मला बघून उठले.

"बरें जालें आयलें गो बाय! खात्याचो एक कागद आयला, आठ दीस जाले. चष्मो..." त्यांनी वाक्य अर्धं सोडलं आणि हसले. "वाच."

त्यांनी आतून पाकीट आणलं. मी बसल्या बसल्या मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीवर थांबले. खात्याने विचारलं होतं की, आपल्या शाळेच्या हजेरीपुस्तकात पंधरा दिवस मुख्याध्यापकांची सही नाही. त्या जागी एका बाईंची सही आहे. या बाई कोण, आणि कोणत्या आदेशाने, कोणत्या तारखेला रुजू झाल्या? पुढे नाव होतं. माझं, वडिलांच्या नावासकट.

मी मान वर केली. समोरच्या भिंतीवर, देवाच्या तसबिरीशेजारी, फ्रेम केलेलं माझं प्रमाणपत्र होतं.

"म्हणलें, आतां तरी शिकूंया," सर सांगत होते, जरा लाजत. "नातीन अक्षरां शिकयलीं. तिका म्हणलें, वाचून दाखयनाका, हांव म्हज्या नांवावयल्यान शिकतलों. पंदरा दीस गिरयलें आनी मागीर मस्टराचेर सय केली. पयली इंग्लिश सय! नांव कितें सोबीत दिसता म्हजें! सुरवातेक जी कित्याक, तें कळ्ळें ना. म्हणलें, इंग्लिशींत नासतीं अक्षरां आसतात, लग्न जाल्ली चली म्हणटाली."

सांगावं की नाही, मला कळेना. पण त्यांचाच नियम होता, खोटं वाक्य बोलायचं नाही. मी म्हटलं, "सर, ते तुमचं नाव नाही. माझं आहे."

सरांनी फ्रेमकडे बघितलं. मग माझ्या हातातल्या खात्याच्या कागदाकडे. हळूहळू सगळं त्यांच्या ध्यानात आलं.

"म्हणजे तुजी ऑर्डर येवचे पयलीं," ते म्हणाले, "म्हज्या शाळेंत तूं पंदरा दीस पर्मनंट आशिल्लें."

मी हसले नाही. कशी राहिले माझं मला माहीत. मी पिशवीतून त्यांचं प्रमाणपत्र काढून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. "हे तुमचं."

त्यांनी हात धोतराला पुसले. कागद मांडीवर घेतला. कुठलाही चष्मा न शोधता, न चाचपता, त्यांनी पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. ते ओठांत पुटपुटत होते. एक अक्षर, मग दुसरं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस आपलं नाव पहिल्यांदा वाचत होता. तिसऱ्या अक्षराशी अडला, परत मागे गेला, पुन्हा आला आणि मोठ्या आवाजात, अगदी ठामपणे, चुकीचं वाचलं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तशातच मला हसू फुटलं. आवरेना.

सरांनी कागदावरून मान वर केली नाही. बोट त्या अक्षरावरच ठेवून, दुसऱ्या हाताने त्यांनी विहिरीकडे बोट केलं.

मी पदर खोचला आणि दहा कळशा पाणी काढलं.